गिनी पिगचं आजारपण आणि त्याचा डॉक्टर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत प्लेगचं थैमान चालू असताना परळच्या प्रयोगशाळेतले संशोधक प्लेगने ग्रासलेल्या घरांत गिनी पिग ठेवत. घरातले उंदीर मेले की भुकेल्या पिसवा या प्राण्यांच्या अंगावर चढत आणि मग त्या गोळा करून तपासल्या जात. १९०५ नंतरच्या या कामातून उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी पक्की झाली. त्याआधी, १८८२ साली, रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सिद्ध केला तोही गिनी पिगच्याच आधारे. घटसर्पावरच्या प्रतिविषाची ताकद याच प्राण्यावर जोखली गेली. १९०७ मध्ये आजच्या ऑस्लोमध्ये अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख यांनी त्याला नुसत्या धान्यावर ठेवलं, तेव्हा त्याला स्कर्व्ही झाला आणि क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट मोकळी झाली. माणसाच्या औषधशास्त्रावर इतकं ऋण असलेले प्राणी फार नाहीत.

त्याच परळपासून दोन-चार मैलांवर, क्रॉफर्ड मार्केटमधून, हा प्राणी आज विकत मिळतो. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, पणजी, सगळीकडे तो घराघरांत पोहोचला आहे. फ्लॅटमध्ये मावतो, सहसा चावत नाही, भुंकत नाही, म्हणून मुलांच्या हट्टाखातर आणला जातो. आणि एखाद्या सकाळी तो कोपऱ्यात अंग फुगवून बसतो, कोथिंबिरीच्या जुडीकडे पाहतही नाही, तेव्हा घरच्यांना कळतं की याचं दुखणं कोणाला दाखवायचं हेच आपल्याला ठाऊक नाही.

ही अडचण कुठून येते ते आधी पाहायला हवं. गिनी पिगच्या आजारांविषयी जुनं ज्ञान भरपूर आहे, पण ते दोन ठिकाणी साठलं आहे. एक प्रयोगशाळेत आणि दुसरं अँडीज पर्वतराजीत, पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या देशांत. तिथे हा प्राणी हजारो वर्षांपासून खाण्यासाठी पाळला जातो आणि साल्मोनेलाची साथ आली तर अख्खा कळप जातो. दोन्ही ठिकाणी प्रश्न कळपाचा होता. प्रयोगशाळेत आजारी प्राणी बाजूला काढायचा, त्याचं शवविच्छेदन करायचं आणि बाकीचे वाचवायचे, ही रीत. एकाच गिनी पिगला, त्याच्या नावाने हाक मारून, महिना-दोन महिने औषधपाणी करून बरं करायचं, ही कल्पना तुलनेने नवी आहे. ब्रिटन, अमेरिका, जर्मनी अशा देशांत ती गेल्या काही दशकांत रुजली. आपल्याकडे ती आत्ता कुठे येते आहे. त्यामुळे या आजारपणाचा मोठा भार घरच्या माणसांवर पडतो आणि त्यांनी किती माहिती करून घेतली आहे यावर त्या जिवाचं बरंचसं भवितव्य ठरतं.

पहिली गोष्ट म्हणजे दुखणं उशिरा दिसतं. गिनी पिग निसर्गात इतरांचं भक्ष्य असतो. कळपात जो लंगडतो तो आधी उचलला जातो, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या हाडीमांसी आहे. तो धडधाकट असल्याचं दाखवत राहतो आणि ते जमेनासं झालं की मगच आजारी दिसतो. तोवर दोन-तीन दिवस निघून गेलेले असतात. ‘काल संध्याकाळपर्यंत ठीक होता हो’ असं प्रत्येक घर डॉक्टरला सांगतं आणि ते खोटं नसतं. तो ठीक दिसत होता, एवढाच त्याचा अर्थ.

यावर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. मोठ्या गिनी पिगचं वजन साधारण सातशे ग्रॅम ते बाराशे ग्रॅम असतं. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, ठरल्या वेळी त्याला टोपलीत बसवून वजन घ्यावं आणि वहीत लिहून ठेवावं. वीस-तीस ग्रॅमची चढउतार रोजचीच असते. पन्नास ग्रॅम उतरले की सावध व्हावं आणि दर दिवशी वजन घ्यावं. वजनाचा दहावा भाग गेला असेल तर डॉक्टरकडे जायला उद्याची वाट पाहू नये. या वहीशिवाय गिनी पिग पाळणं म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणं आहे. वहीच्या जोडीला लेंड्यांकडे लक्ष हवं. निरोगी प्राण्याच्या लेंड्या एकसारख्या, लांबट आणि पुष्कळ असतात. त्या लहान झाल्या, कमी झाल्या, थेंबासारख्या टोकदार झाल्या किंवा मऊ पडल्या, तर आत काहीतरी बिनसलं आहे. भाजीच्या पिशवीची चुरचुर ऐकून शीळ घालणारा प्राणी गप्प बसला, डोळे अर्धवट मिटून दात कराकरा चावू लागला, की ते वेदनेचं लक्षण समजावं. उलट, डोळ्यांतून अधूनमधून येणारा दुधासारखा पांढरा द्रव पाहून घाबरू नये. त्या द्रवाने तो तोंड धुतो. लघवी थोडी गढूळ असणं, वाळल्यावर तिचा डाग तांबूस दिसणं, हेही बहुतेक वेळा नैसर्गिक असतं. ताज्या लघवीत रक्त दिसणं मात्र वेगळं.

आता या प्राण्याच्या पोटाविषयी, कारण बहुतेक दुखणी शेवटी तिथेच येऊन थांबतात. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला त्याच्या शरीरात एक मोठी पिशवी असते. डॉक्टर तिला सीकम म्हणतात. गवताचा चोथा तिथे जंतूंच्या मदतीने आंबतो आणि त्यातून त्याचं पोषण होतं. गाईचं हे काम पुढच्या पोटात चालतं, याचं मागच्या आतड्यात. हा कारखाना चोवीस तास चालू राहावा लागतो आणि त्याला सतत धाग्याचा चारा लागतो. बारा तास तो जेवला नाही तर आतड्याची हालचाल मंदावते, वायू साठतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही आणि चक्र सुरू होतं. दिवस उलटला की यकृतात चरबी साठू लागते, विशेषतः प्राणी लठ्ठ असेल तर. त्याला ओकारी काढता येत नाही, म्हणून पोटात गेलेलं वाईट बाहेर पडायची ती वाटही बंद. ‘आज लंघन करू दे, उद्या आपोआप खाईल’ हा माणसाच्या घरातला उपाय इथे जीव घेतो. न खाणं हे गिनी पिगमध्ये लक्षण राहत नाही, ते स्वतःच एक आजार होऊन बसतं.

न खाण्याचं मूळ पुष्कळदा तोंडात असतं. त्याला वीस दात असतात आणि ते सगळे आयुष्यभर वाढत राहतात. गवत दळताना ते झिजतात. गवत कमी आणि मऊ खाणं जास्त झालं तर खालच्या दाढा आतल्या बाजूने वाढून जिभेवर कमान धरतात आणि जीभ तिच्याखाली अडकते. प्राणी खायला धावतो, घास उचलतो आणि टाकून देतो. हनुवटी लाळेने ओली राहते. अशा वेळी पुढचे पटाशीचे दात लांब दिसतात म्हणून नखं कापायच्या कात्रीने तेवढेच छाटले जातात. त्याने दात उभा चिरतो आणि खरा दोष मागे तसाच राहतो. त्याचं तोंड अरुंद असतं आणि गाल आत वळलेले, म्हणून दाढा नीट पाहायला उपकरण लागतं आणि बऱ्याचदा भूलही. दात छाटून एका मिनिटात घरी पाठवणाऱ्याने दाढा पाहिल्या का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आपल्याकडच्या आहाराची गोष्ट इथेच सांगावी लागते. आयात केलेलं टिमोथी गवत महाग पडतं, म्हणून लोक पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या), पोळी, भिजवलेले हरभरे, बिस्किट यांवर प्राणी ठेवतात. त्यापेक्षा फवारणी नसलेल्या जागेची ताजी हरळी किंवा सावलीत वाळवलेलं ओटचं गवत कितीतरी बरं. लसूणघास गुरांच्या बाजारात सहज मिळते, पण तिच्यात कॅल्शियम फार. वाढीच्या पिल्लांना आणि गाभण माद्यांना ती थोडी चालते. मोठ्या प्राण्याला ती रोज घातली तर मूत्राशयात खडे होण्याची भीती वाढते. खडा झालेला गिनी पिग लघवी करताना पाठ कमानीसारखी वाकवतो आणि किंचाळतो. नराच्या मूत्रनलिकेत तो अडकला तर काही तासांचा प्रश्न असतो आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेला पर्याय नसतो.

माणसाप्रमाणेच गिनी पिगलाही क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही. म्हणूनच होल्स्ट आणि फ्रोलिख यांचा प्रयोग त्याच्यावर यशस्वी झाला. निरोगी अवस्थेत त्याला रोज किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आजारपणात ५० किंवा त्याहून अधिक. ते तुटलं तर दोन-तीन आठवड्यांत सांधे सुजतात, तो हलायला नाखूश होतो, उचलला की ओरडतो, हिरड्यांतून रक्त येतं. हिरव्या ढोबळी मिरचीत शंभर ग्रॅमला साधारण ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, म्हणजे रोजचा पाव भाग निरोगी प्राण्याला पुरतो. कोथिंबीर चांगली. पेरूत क जीवनसत्त्व खूप, पण साखरही आहे, तेव्हा एक फोड पुरे. पाण्याच्या बाटलीत थेंब टाकण्याची पद्धत जुनी आहे आणि मला ती टाकाऊ वाटते: उजेडात आणि पाण्यात हे जीवनसत्त्व लवकर नासतं, पाण्याची चव बदलते आणि प्राणी पाणीच कमी पितो. आजारी असेल तर डॉक्टरने सांगितलेली मात्रा थेट तोंडात द्यावी. मुलांसाठीचे बहुजीवनसत्त्वाचे थेंब त्यासाठी वापरू नयेत, कारण त्यांत अ आणि ड जीवनसत्त्व नको इतकं जातं. पेलेटमधलं क जीवनसत्त्व बनवल्यापासून तीनेक महिन्यांत उतरतं, आणि आपल्या उन्हाळ्यात गोदामात पडलेल्या पिशवीवर त्याआधीही भरवसा ठेवू नये.

या सगळ्या विषयात सर्वांत गंभीर भाग प्रतिजैविकांचा आहे. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांच्या गटाने आठ उंदरांना घातक जंतू टोचले आणि चारांना पेनिसिलिन दिलं. औषध मिळालेले चार जगले, उरलेले चार सकाळपर्यंत मेले, आणि औषधशास्त्राचा इतिहास बदलला. तीनच वर्षांनी, १९४३ मध्ये, हेच पेनिसिलिन गिनी पिगला मारतं असं प्रसिद्ध झालं. तो प्रयोग उंदरांऐवजी गिनी पिगवर झाला असता तर निकाल काय आला असता, हा विचार अनेकांनी मांडला आहे. कारण पुढे उलगडलं. सीकममधले ज्या जातीचे जंतू त्याचं अन्न पचवतात, नेमके तेच पेनिसिलिनने मरतात. रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल माजतो, त्याचं विष आतड्यात भिनतं, जुलाब लागतात आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. कधी जुलाबही न होता दगावतो.

पेनिसिलिनच्या घराण्यातली अमॉक्सिसिलिन आणि अँपिसिलिन, शिवाय क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, तोंडाने दिलेलं एरिथ्रोमायसिन आणि बरीचशी सेफालोस्पोरिन ही सगळी गिनी पिगला घातक औषधांच्या यादीत येतात. आपल्याकडे अमॉक्सिसिलिन प्रत्येक औषधाच्या दुकानात असतं आणि बहुतेक घरांत त्याची अर्धी बाटली फ्रिजमध्ये पडलेली असते. लहान मुलाला दिलं, चाललं, मग या चिमुकल्याला दोन थेंब द्यायला काय हरकत, असं वाटणं स्वाभाविक आहे. कुत्र्या-मांजरांची सवय असलेल्या डॉक्टरच्या हातूनही तीच चूक होऊ शकते, कारण तिथे ते रोजचं, सुरक्षित औषध आहे. गिनी पिगसाठी एन्रोफ्लॉक्सॅसिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा, क्लोरॅम्फेनिकॉल अशी औषधं अनुभवी डॉक्टर वापरतात. तीही मापाने, आणि एन्रोफ्लॉक्सॅसिन वाढत्या पिल्लांत जपून, कारण त्याचा कूर्चेवर परिणाम होतो. जखमेवर लावलेलं मलमही तो चाटतो, म्हणजे ते पोटात गेलं असंच धरावं. घरात गिनी पिग असेल तर निषिद्ध औषधांची नावं कागदावर लिहून पिंजऱ्याजवळ चिकटवावीत, असं मला मनापासून वाटतं. आपल्याला न विचारता चुकून इंजेक्शन दिलं जाण्याआधी तो कागद डॉक्टरसमोर ठेवता येतो.

फुप्फुसाचे रोग त्याला लवकर गाठतात. बोर्डेटेला हा जंतू कुत्र्या-सशांच्या नाकात पुष्कळदा निरुपद्रवी राहतो आणि गिनी पिगला न्यूमोनिया करतो. ससा आणि गिनी पिग एका पिंजऱ्यात ठेवण्याची दुकानदारांची पद्धत म्हणूनच वाईट आहे. शिंका, नाकाला पापुद्रा, कुशी आत ओढत घेतलेला श्वास दिसला तर त्याच दिवशी जावं. पिंजऱ्यातला ओला कागद वेळेवर न बदलल्याने साठणारा अमोनिया हे दुखणं आणखी वाढवतो.

उन्हाळा हा आपल्याकडचा स्वतंत्र प्रश्न. अँडीजच्या थंड पठारावरचा हा जीव विदर्भाच्या पंचेचाळीस अंशांत पंख्याच्या भरवशावर राहू शकत नाही. अठरा ते चोवीस अंश त्याला सुखाचे, तिशीच्या पुढे धोका सुरू. धापा टाकत आडवा पडला, कान लाल आणि गरम लागले, तर पंख्याखाली घेऊन कान आणि पावलं साध्या गार पाण्याच्या फडक्याने पुसावीत. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, तोंडात पाणी ओतू नये आणि सावरल्यासारखा वाटला तरी डॉक्टरला दाखवावा.

त्वचेचं दुखणं जीवघेणं वाटत नाही म्हणून मागे पडतं. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत गजकर्णासारखी बुरशी वाढते. ती मुलांच्या अंगावरही येते, तेव्हा हात धुवावेत आणि चट्टा दिसला तर घरच्यांनीही तपासून घ्यावं. आपल्या औषध दुकानांत मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं त्यावर मुळीच नकोत. खरुजेचा किडा मात्र छोट्या देहाला फार छळतो. खाज इतकी की खाजवताना झटके येतात, आणि घरचे तो मेंदूचा आजार समजतात. आयव्हरमेक्टिनच्या दोन-तीन मात्रांनी तो सहसा जातो. पण गुरांसाठी विकलं जाणारं एक टक्क्याचं इंजेक्शन घरी वापरू नये. किलोभराच्या प्राण्याला त्यातली मात्रा सहज जास्त होते.

माद्यांविषयी थोडं. दुकानात नर-मादी ओळखण्यात चुका होतात, दोन ‘बहिणी’ म्हणून आणलेल्यांपैकी एक नर निघतो आणि तिसऱ्या महिन्यात पिल्लं होतात. गर्भ ५९ ते ७२ दिवसांचा असतो. सहा-आठ महिन्यांच्या वयापर्यंत मादी एकदाही व्यायली नसेल तर तिच्या कमरेच्या हाडाचा सांधा घट्ट होतो आणि त्यानंतरचं पहिलं बाळंतपण अडू शकतं. जोर येऊनही अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही तर ती तातडीची वेळ आहे. लठ्ठ गाभण मादीने शेवटच्या दिवसांत खाणं सोडलं तर तेही तसंच. दोन-तीन वर्षांपुढच्या मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले तर अंडाशयात गाठी असण्याची शक्यता मोठी. ते केस तेल चोळून येत नाहीत.

घरच्या शुश्रूषेत सिरिंजने भरवणं हे सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत थकवणारं काम. वनस्पती खाणाऱ्या आजारी प्राण्यांसाठी गवताची तयार भुकटी मिळते. ती मिळाली नाही तर चांगले पेलेट कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून पातळ करावेत. दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ८० मिलिलिटर पोटात जायला हवं, दोन ते चार तासांच्या अंतराने, रात्रीसुद्धा. त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर सरळ बसवावं, उताणा कधीच नको. सिरिंज पटाशीच्या दातांमागच्या फटीतून बाजूने घालावी आणि एकेका वेळी अर्धा ते एक मिलिलिटर देऊन तो चावतो, गिळतो हे पाहावं. घाईत दिलेला घास श्वासनलिकेत जातो. पोट ढोलासारखं ताठ फुगलं असेल तर भरवण्याआधी डॉक्टर, कारण आत अडथळा किंवा पीळ असू शकतो. भरवूनही समोर ताजं गवत ठेवावं. त्याने पहिली काडी स्वतःहून ओढली तो क्षण कोणत्याही तपासणीपेक्षा जास्त सांगतो.

आतडी हलवणारी औषधं किती काम करतात, वायूवरच्या थेंबांचा उपयोग होतो का, जंतूंची पूरक भुकटी सीकमपर्यंत जिवंत पोहोचते का, यांवर डॉक्टरांत मतभेद आहेत. दही देऊ नये यावर मात्र नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे धागा, पाणी, ऊब आणि वेदनाशमन या चार गोष्टींना वादाची जागा नाही. वेदनेकडे तर आपण फार दुर्लक्ष करतो. दुखतंय म्हणून तो खात नाही, हे साधं सत्य असतं. मेलॉक्सिकॅमची त्याची किलोमागची मात्रा कुत्र्यापेक्षा बरीच मोठी असते, म्हणून सवय नसलेला डॉक्टर कमी देतो. घरातलं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन मात्र अंदाजाने मुळीच देऊ नये. जोडीदार असेल तर आजार संसर्गाचा नसल्यास त्याला जवळ ठेवावं, दवाखान्यातही सोबत न्यावं. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून गिनी पिग एकटा ठेवायला कायद्याने मनाई आहे, इतका हा कळपातला जीव.

डॉक्टर कुठे मिळणार, हा या लेखाचा खरा प्रश्न. महाराष्ट्रात पशुवैद्यकाची जुनी परंपरा आहे. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय एकोणिसाव्या शतकातलं, शेजारचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही महाविद्यालयं आहेत. पण साडेपाच वर्षांच्या पदवीचा मोठा भाग गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांना जातो आणि शेतीप्रधान राज्यात ते योग्यच आहे. तालुक्याचा सरकारी दवाखाना, १९६२ क्रमांकाची फिरती सेवा, ही पशुधनासाठी उभी राहिली. खासगी दवाखाने कुत्र्या-मांजरांवर चालतात. गिनी पिग, ससे, पक्षी, कासवं यांना ‘एक्झॉटिक’ म्हणून वेगळं पाहणारे डॉक्टर मुंबई-पुण्यात सापडतात, इतरत्र विरळा.

म्हणून शोध आजारपणाआधी घ्यावा. प्राणी ठणठणीत असताना एकदा तपासणीला न्यावा आणि काही गोष्टी सरळ विचाराव्यात: महिन्याला किती गिनी पिग येतात, संसर्गाला कोणतं प्रतिजैविक देता, दाढा कशा पाहता, शस्त्रक्रियेआधी किती वेळ उपाशी ठेवता. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा असं उत्तर आलं तर दुसरं दार शोधावं. ज्याला ओकारी येत नाही आणि ज्याचं आतडं थांबलं तर जीव जातो, त्याला रात्रभर उपाशी ठेवण्याचं कारण नाही. ‘मला या प्राण्याचा अनुभव नाही, पण मी अनुभवी सहकाऱ्याला फोन करतो’ असं म्हणणारा डॉक्टर मला खोट्या आत्मविश्वासाच्या डॉक्टरपेक्षा शंभर पटींनी मोलाचा वाटतो. लहान गावात हीच वाट आहे. शेळ्या-गुरांवर हात बसलेल्या स्थानिक डॉक्टरला त्वचेखाली कोमट सलाईन देणं, पोटफुगी ओळखणं चांगलं जमतं. औषधाचं नाव आणि मात्रा शहरातल्या जाणकाराने फोनवर सांगावी. अशी जोडी जुळवून ठेवणं घरच्या माणसाचं काम.

नेताना हवा खेळती राहील असा खोका, खाली टॉवेल, भरपूर गवत, काकडीचा तुकडा, उन्हाळ्यात फडक्यात गुंडाळलेली गोठवलेली बाटली. वजनाची वही, त्या दिवशीच्या लेंड्या आणि श्वासाचा किंवा झटक्यांचा मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ बरोबर असावा, कारण टेबलावर ठेवल्यावर तो पुन्हा धडधाकट असल्याचं दाखवू लागतो.

पैशांचं बोलायलाच हवं. प्राणी काही शे रुपयांना येतो आणि एक्स-रे, भूल, शस्त्रक्रिया यांचा खर्च त्याच्या अनेक पट होतो. ‘एवढ्यात चार नवीन येतील’ हे वाक्य दुकानात, शेजारी, कधी दवाखान्यातही ऐकू येतं. ते मला मान्य नाही. किंमत बाजारात ठरते, वेदनेला बाजारभाव नसतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पाळणाऱ्यावर त्याच्या हिताची जबाबदारी टाकली आहे आणि तिथे प्राण्याचा आकार विचारलेला नाही. मात्र ज्यांना खर्च खरोखर झेपत नाही त्यांना दोष देऊनही काही साधत नाही. त्यांनी डॉक्टरला तसं स्पष्ट सांगावं. कमी खर्चात वेदना थांबवण्याची वाट बऱ्याचदा निघते.

आणि कधी कधी वाट संपते. वजन उतरतच राहतं, श्वासाला कष्ट पडतात, औषधाने वेदना आवरत नाही. अशा वेळी डॉक्टरकडून शांतपणे मरण देणं ही शुश्रूषेचीच शेवटची पायरी आहे. ते बेशुद्ध करून मगच द्यावं, असा आग्रह धरावा. पिंजऱ्यात दुसरे प्राणी असतील तर शवविच्छेदनाविषयी डॉक्टरशी बोलावं. कारण कळलं तर मागे राहिलेले वाचतात. नवा प्राणी आणलात तर दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा.

घरी गिनी पिग आणायचं मनात असेल तर पिंजरा विकत घेण्याआधी डॉक्टर शोधा. तो पाच ते आठ वर्षं जगतो, तेवढी वर्षं रोजचं गवत आणि लागेल तेव्हाची रात्रपाळी झेपेल का ते घरात बोलून घ्या. त्याच्यावर उपचार करू शकणारा एकही डॉक्टर आवाक्यात नसेल, तर कृपा करून हा प्राणी आणू नका.